कांडपघर वगळू नका

'मनाला चिकटू नका' हा उपदेश सांगताना चीनमधील हुइनेंग (६३८–७१३) यांच्या 'मंचसूत्रा'चा आधार घेतला जातो. विचार चालू असतानाही विचारात न अडकणे, ही त्यातील शिकवण.

पण हे सांगणारा कोण? ग्रंथातील कथेप्रमाणे तो दक्षिणेकडचा निरक्षर लाकूडविक्या. गुरूने प्रथम त्याला रानटी ठरवले. माणसांत उत्तर-दक्षिण असेल, बुद्धत्वात नाही, असे त्याने सुनावले. तरी वाट्याला आले ते आठ महिने भात कांडणे. गुरूचे वस्त्र मिळाले तेही रात्री, गुपचूप. आणि मठातल्यांच्या भीतीने पळावे लागले.

माझी आजी परक्या दारी भात कांडे. म्हणून आमचे अध्यात्मवादी उपदेश उचलतात आणि कांडपघर वगळतात, हे खटकते. कांडणाऱ्याने मन सोडले. मठाने उच्चनीच सोडले नाही. मग सोडण्याचा उपदेश आधी कोणाला करायचा?