पडद्याची मागली बाजू

दिवाळी अंकांत काही पाहुणे दरसाल न चुकता येतात. त्यांतला एक म्हणजे बंद पडलेल्या थिएटरावरचा लेख. फराळाच्या ताटात चकलीची जागा जशी ठरलेली, तशी अंकात याची. लेखक बहुधा मुंबईचा, नाहीतर पुण्याचा. आरंभी संगमरवरी जिना, मग झुंबर, मग मखमली पडदा, मग बारा आण्यांचे तिकीट, आणि अखेरीस त्याच जागेवर उभे राहिलेले दुकानांचे संकुल. मी हे लेख आवडीने वाचतो. प्रसंगी डोळेही पुसतो. पण वाचून झाल्यावर एक प्रश्न मनात मागे राहतो, तो आज विचारूनच टाकतो. या लेखांत इमारत दिसते, नट दिसतात, मालक दिसतात. प्रेक्षक कोठे बसला होता आणि तेथून त्याला काय दिसत-ऐकू येत होते, हे मात्र कोणी सांगत नाही. घराचे वर्णन करावे आणि घरात माणसे राहत होती की नाही हे सांगायचे विसरावे, तसा हा प्रकार आहे.

हा प्रश्न मी जालन्याहून विचारतो, यालाही कारण आहे. 'जालना सोने का पालना' अशी आमच्या गावाची ख्याती. कापसावर आणि व्यापारावर पोसलेले गाव. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक काढणाऱ्या गावाला करमणुकीची हौस नव्हती असे कोण म्हणेल? आणि तरीही संगीत नाटकाच्या भरभराटीच्या दिवसांत कोल्हापूरच्या पॅलेस थिएटराच्या तोडीचे नाट्यगृह या सोन्याच्या पाळण्यात काही जन्मले नाही. याचे कारण विचारले की 'मराठवाड्याला नाटकाची आवड कमी' असे उत्तर मिळते. ज्या मुलखात नाथांच्या भारुडांची सोंगे पिढ्यान्‌पिढ्या नाचली, त्याला नाटकाची आवड नाही म्हणणे म्हणजे गोदाकाठच्या माणसाला पोहता येत नाही म्हणण्यासारखे आहे!

मला कारणे वेगळी दिसतात, आणि ती फार गद्य आहेत. संगीत नाटक मंडळी म्हणजे चार माणसांचा फड नव्हे. नट, साथीदार, आचारी, पडदे, पायपेटी, शालू-शेल्यांच्या ट्रंका. तिचा मुक्काम हलवायचा म्हणजे वऱ्हाड हलवणेच. मुंबईकडून येणारी रुंद रुळांची गाडी मनमाडपर्यंत. तेथून औरंगाबाद, जालना, परभणीकडे जाणारा निजामाचा फाटा १९०० च्या सुमारास सुरू झाला तो अरुंद रुळांचा. तेव्हा सगळे बिऱ्हाड मनमाडला उतरवा आणि दुसऱ्या गाडीत चढवा. बरे, एवढे करून मंडळी आली, खेळ रंगला, गल्ला भरला, तरी तो भरला हाली शिक्क्याने. सात हाली रुपयांचे कलदार होत सहा. शंभराचा गल्ला सरहद्द ओलांडताच पंच्याऐंशी-शहाऐंशीवर यायचा. त्यात लोक जमवायचे म्हटले की परवानगीचा जाच. 'गश्ती निशाण ५३' हे शब्द आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून मी लहानपणी इतक्यांदा ऐकले आहेत की ते एखाद्या कजाग शेजारणीचे नाव असावे असे मला वाटे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हेच चालले. अशा ठिकाणी दगडी नाट्यगृहात पैसा कोण घालील? रसिकतेचा दुष्काळ नव्हता. हिशेब जुळत नव्हता, इतकेच.

आता ज्यांच्याकडे हिशेब जुळला, त्यांची नाट्यगृहे पाहू. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्‌घाटन १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते झाले. बांधकाम तेव्हा पुरे व्हायचे होते. युरोपी थाटाचे हे मंदिर पुढे आपल्या मंडळींनाही खुले झाले. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ तेथे गायले. मग चित्रपट आले, १९९३ साली दरवाजे बंद झाले आणि तब्बल तेवीस वर्षांनी, २०१६ च्या ऑक्टोबरात, डागडुजी होऊन ते पुन्हा उघडले. ते पुन्हा उघडल्यावर मी मुंबईस गेलो असता मुद्दाम आत जाऊन आलो. सोनेरी नक्षी, घुमटाखालची चित्रे, खाजगी कक्ष, सारे डोळे दिपविणारे. सोबतचे लोक माना वर करून छत पाहत होते. मी मात्र खेडवळासारखा थेट वरच्या गॅलरीत चढलो. ते छत असे रचले होते की गॅलरीतल्या माणसालाही रंगभूमीवरचा शब्द ऐकू जावा, असे वाचले होते. खाली कोणीतरी साध्या आवाजात बोलत होते, ते मला वर नीट ऐकू आले. या वास्तूला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले, ते नक्षीबद्दल नव्हेत.

कोल्हापूरची गोष्ट याहून मोठी आहे. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेले, तेव्हा रोममधले जुने आखाडे त्यांनी पाहिले. राजेलोक विलायतेहून काय काय आणतात हे आपल्याला ठाऊकच आहे. या राजाने खासबागेचे कुस्तीचे मैदान आणले! आणि त्याला खेटून १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले. थिएटरचा इतिहास सांगणारे या शेजाराचा उल्लेख एका ओळीत उरकतात. मला तर सारे मर्म त्यातच दिसते. खासबागेत आखाडा मध्ये खाली आणि बैठक भोवती चढत गेलेली. पागोटेवाल्याच्या मागे बसलेल्यालाही डाव दिसतो. ज्याने मल्लाच्या बाबतीत मागच्या माणसाचा विचार केला, त्याने गवयाच्या बाबतीतही केला. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. नटाचा गळा आणि वास्तूची रचना, एवढ्यावरच शेवटच्या रांगेचे दैव अवलंबून.

या थिएटराला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव दिले गेले. ज्यांनी १९०८ साली ललितकलादर्श काढली, ज्यांनी जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जे अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले, त्या केशवरावांचे. ९ ऑगस्ट ही त्यांची जयंती. आणि २०२४ साली ८ ऑगस्टच्या रात्री हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दूरदर्शनवर त्या ज्वाळा पाहताना माझ्यासारख्या जालनेकराच्याही पोटात कालवले. वास्तू 'जशीच्या तशी' उभी करा अशी मागणी लगोलग झाली, आणि पुनर्बांधणीही हाती घेतली गेली. मागणी रास्तच आहे. पण 'जशीच्या तशी' म्हणजे काय? दगडी कमान तशीच आली, पाटी तशीच आली, आणि मागच्या रांगेला यंत्राच्या भोंग्याशिवाय एक अक्षर कळेना, तर त्याला मी पॅलेस थिएटर म्हणणार नाही. पॅलेस थिएटराचा देखावा म्हणेन. उलट दर्शनी भाग थोडा इकडचा तिकडे झाला, पण उघड्या गळ्याची तान शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली, तर माझी काही तक्रार नाही. कोल्हापूरकरांना हे कठोर वाटेल. त्यांनी रागवावे, पण राज्याने बांधले ते कोणासाठी, हेही आठवावे.

आता आमच्याकडे वळतो. ज्या मनमाडच्या फलाटावर नाटक मंडळीचे बिऱ्हाड अडखळे, तेथून चित्रपटाच्या पेट्या सहज पुढे येत. रिळांचे चार डबे, एक यंत्र, वीज नसली तर एक इंजिन, आणि एक पांढरे कापड. आमच्या जिल्ह्याचे खरे ऑपेरा हाऊस हे असे तंबूतून आले. (जिल्हा म्हणजे आजचा, तो १ मे १९८१ ला झाला. माझ्या लहानपणी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत होतो.) जत्रेच्या मैदानात कनाती लागत, तिकीटविक्या खोक्यावर उभा राहून ओरडे, आणि यंत्र एकच असल्यामुळे रीळ बदलताना दिवा लागे. त्या दिव्यात शेंगा विकल्या जात, हरवलेली पोरे सापडत, आणि खलनायकाचे पुढे काय होणार यावर पैजा लागत. 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला तो पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला म्हणतात. आमच्या गावी तो दोन रात्री होता. पण त्या दोन रात्रींत आसपासच्या पाच-सहा गावांत कोणी झोपले असेल असे वाटत नाही.

तंबूचे हे कौतुक ऐकून वाचक म्हणतील, आता तुम्हीही डोळे पुसायला लागलात. तसे नाही. तंबूलाही तीच कसोटी लावली पाहिजे, आणि तिथे तंबू पुरता उतरत नाही. सगळ्यांना आत घ्यायला कनातीला दरवाजा होता, पण कोणाला कोठे बसवायचे हे गावच ठरवी. आमच्या आत्याची हकीकत सांगतो.

१९३५ साली प्रभातचा 'धर्मात्मा' आला. नाथांचे चरित्र, म्हणजे आमच्या शेजारच्या पैठणची गोष्ट. जन्मभर स्त्रीभूमिका केलेले बालगंधर्व त्यात नाथ झाले होते. ज्यांच्यासाठी नाट्यगृहे ओसंडत, तेच आता पडद्यावर आले. गंधर्व आणि प्रभात यांची भागीदारी या एका चित्रपटावरच थांबली, पण तो चित्रपट मोलाचा. नाथ अस्पृश्याच्या घरी जेवायला बसतात, हे शांतारामबापूंनी त्या काळात पडद्यावर दाखविले. संगीत मास्टर कृष्णरावांचे. त्यांचे आडनाव फुलंब्रीकर, आणि फुलंब्री आमच्या शेजारचीच. आज जालन्याच्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे.

हा चित्रपट काही वर्षांनी फिरत फिरत आमच्या गावच्या जत्रेत आला. आत्या तेव्हा नुकती लग्न झालेली. पुरुष पडद्याच्या पुढे बसले. बायकांसाठी वेगळी जागा हवी, म्हणून त्यांना पडद्याच्या मागे बसविले. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही दिसे, फक्त उलटे. आणि गावकुसाबाहेरची माणसे? ती कनातीच्या बाहेर उभी होती, असे आत्या सांगे. नाथ ज्यांच्या घरी जेवले, त्यांना ते जेवण कनातीच्या फटीतून पाहावे लागले. पण गाणे त्यांनाही ऐकू गेले. कापडाची भिंत सूर अडवीत नाही.

आत्या जन्मभर एक गोष्ट ठामपणे सांगे. आम्हा पोरांना डाव्या हाताने जेवताना आई रागावली की ती मध्ये पडे आणि म्हणे, "राहू दे गं. नाथबाबा डावखुरे होते. म्या डोळ्यानं पाहिलंय, डाव्या हातानं जेवत होते." आई हसे. वडील तिला समजावीत, की तू मागून पाहिलेस म्हणून तसे दिसले. आत्या म्हणे, "तुम्ही पुढून पाहिलं म्हणून तुम्हाला उजवा दिसला."

पुढे घरात दूरदर्शनचा संच आला आणि एका सुट्टीच्या दिवशी 'धर्मात्मा' लागला. सारे घर जमले. आत्याला ऐसपैस जागा करून अगदी पुढे बसविली. तिला आता कमी दिसत होते. जेवणाचा प्रसंग आला. आम्ही पोरे चित्रपटाऐवजी तिच्या तोंडाकडे पाहू लागलो. तिने डोळे बारीक करून पाहिले, पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"हा दुसरा कुणी दिसतो लेकरा," ती म्हणाली. "आवाज मात्र त्याचाच आहे."