‘रानमित्र’ आणि भूतदयेची कसोटी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील वाचकांनीं डॉ. प्रकाश आमटे यांचें ‘रानमित्र’ अवश्य वाचावें, असें आम्हांस वाटतें. तेथें वस्ती डोंगराच्या पायथ्याशीं भिडली आहे. जखमी घार किंवा घरांत शिरलेली धामण पाहून काय करावें, हा प्रश्न तेथें वरचेवर उभा राहतो.

आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलें पिलूं आमटे दांपत्यानें मागून घेतलें, आणि त्यांतूनच प्राण्यांचें अनाथालय उभें राहिलें. माडियांची शिकार पोटासाठीं होती, हें जाणून त्यांनीं दूषण न देतां पिलांच्या मोबदल्यांत धान्य दिलें. त्यांच्या भूतदयेचें खरें मोल ह्या न्यायबुद्धींत आहे.

मात्र पुस्तकाचा धोका त्याच्या गोडींतच आहे. बिबट्याशीं खेळणारा माणूस पाहून उतावळ्या वाचकास अनुकरणाचा मोह होईल. माणसाच्या हातीं वाढलेल्या बिबट्याला शिकार साधत नाहीं, आणि माणसाचें भयहि उरत नाहीं; त्याला रानांत सोडणें त्याच्या व गांवाच्याहि जिवावर बेततें. म्हणून असें अनाथालय हा नाइलाज होय, आदर्श नव्हे. वन्य प्राणी परस्पर घरीं बाळगण्यास १९७२ च्या कायद्यानेंहि मनाई आहे.

घार बरी झाली कीं तिला आकाश परत द्यावें लागतें. ज्याला वांचविलें त्याच्या वियोगाची तयारी नसेल, तर ती दया नव्हे, हौस होय.