प्रत, पाठ आणि बोली : भोर घाटाच्या छायाचित्रांच्या निमित्ताने

'प्रत' ही संज्ञा मराठी अभ्यासकाला परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती जमवून पाठशुद्धी केली, वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानलेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि वादाला निमंत्रण दिले. कोणती प्रत कर्त्याच्या जवळची, कोणता पाठ नंतरचा, पोथी कोणाच्या घरातून कोणाच्या हाती गेली, हे प्रश्न आपल्या पाठचिकित्सेचे प्राथमिक प्रश्न होत. नेमके हेच प्रश्न गेल्या अर्धशतकात एका अनपेक्षित ठिकाणी, आणि आपल्यापेक्षा कितीतरी चिकाटीने, विचारले गेले आहेत. ते ठिकाण म्हणजे छायाचित्रांचा लिलाव.

लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाने १९७१ पासून छायाचित्रांचे नियमित लिलाव सुरू केले. त्या बाजाराची सारी भिस्त एका भेदावर आहे. चित्र टिपल्यानंतर थोड्याच काळात काढलेल्या प्रतीला तिथे 'व्हिंटेज प्रिंट' म्हणतात. त्याच निगेटिव्हवरून वीस-तीस वर्षांनी काढलेली प्रत वेगळी, कमी मोलाची. मॅन रे यांचे १९२४ सालचे, स्त्रीच्या पाठीवर व्हायोलिनची छिद्रे दाखवणारे चित्र कोणत्याही वसतिगृहाच्या भिंतीवर भित्तिपत्रकाच्या रूपात आढळते. त्याची मूळ काळातली प्रत न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात मे २०२२ मध्ये सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरना गेली. प्रतिमा एकच, तरी दोन प्रतींच्या मोलात हे अंतर.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात असे प्रतिपादन केले होते की, एका निगेटिव्हवरून अनेक प्रती निघत असताना 'अस्सल' प्रत कोणती असे विचारण्याला अर्थ उरत नाही. बाजाराने तोच निरर्थक ठरवलेला प्रश्न आपल्या पेढीची पाटी म्हणून लावला. येथे बाजाराची खिल्ली उडवण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. कारण तांत्रिकदृष्ट्या बेंजामिन पूर्ण बरोबर नव्हते. प्रत म्हणजे निगेटिव्हची यांत्रिक पुनरावृत्ती नव्हे. कागद, रसायन, उजेड देण्याचा कालावधी, छापणाऱ्याचा हात यांनी ती घडते. पियानोवादनाची तालीम घेतलेले छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रतीला वादनाची उपमा देत. आपण बंदिश आणि गायन म्हणू. बंदिश एकच असली तरी मैफल दरवेळी निराळी असते.

तेव्हा प्रश्न 'अस्सल' आहे की नाही हा नव्हे. लिलावाची सूची ज्या पद्धतीने वाचते त्या वाचनात काय हाती लागते आणि काय निसटते, हा आहे. तो पडताळून पाहण्यासाठी कर्जत-खालापूरच्या परिसरातलेच एक उदाहरण घेऊ.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भोर घाटातला चढाव कर्जतच्या बाजूने खंडाळ्याकडे जातो. लांबी सुमारे पावणेसोळा मैल, चढ १८३१ फूट, बोगदे पंचवीस. १८५५ मध्ये हा ठेका फॅव्हिएल यांना मिळाला. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा मोठा दंगा झाला आणि त्याच मार्चमध्ये फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. सॉलोमन ट्रेडवेल हे नवे ठेकेदार आले आणि काही दिवसांतच आजाराने वारले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे चालवला, ॲडमसन व क्लाउझर या दोघांकडे कामाची व्यवस्था सोपवली आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. १८६१ च्या आरंभी या घाटात ४२ हजारांहून अधिक माणसे कामावर होती. या कामाच्या छायाचित्रांचा आल्बम ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची एक प्रत अमेरिकेत टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डिगॉलियर ग्रंथालयात आहे.

आता अशी वस्तू लिलावात आली तर तिची नोंद कशी होईल? ती नोंद एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावी इतकी तिची संहिता ठरून गेली आहे. कर्त्याचे नाव; नाव निश्चित नसेल तर 'यांचे मानलेले'; विषय; काळ; प्रक्रिया, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरची अल्ब्युमेन प्रत; लांबी-रुंदी; मागे पेन्सिलीने लिहिलेले काही; डाग, फाटे, पिवळेपणा; पूर्वीचे मालक; आणि अंदाजी किंमत. आपल्या किती इतिहासग्रंथांत छायाचित्राखाली याच्या चौथाईनेही माहिती असते? राजवाड्यांपासून चालत आलेल्या आपल्या संग्रहपरंपरेने कागद जमवले ते 'साधन' म्हणून. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे नावच बोलके आहे. कागदातला मजकूर छापला की कागदाचे काम झाले, अशी ही दृष्टी. हस्तलिखितांच्या बाबतीत पाठचिकित्सेने तिला थोडा लगाम घातला. छायाचित्राच्या वाट्याला तेवढेही आले नाही. भाऊ दाजी लाड आपल्या वाङ्मयेतिहासात ठळक आहेत. १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या कार्यकारिणीवर असलेले त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मात्र तळटीपेतही क्वचित सापडतात. एका मराठी छायाचित्रकाराचे नाव लिलावाच्या सूचीकाराला ठाऊक असावे आणि आपल्याला नसावे, याचे स्पष्टीकरण केवळ वसाहतवादाच्या नावे टाकून चालणार नाही.

एवढे श्रेय दिल्यावर आक्षेपाकडे वळता येते. सूचीचे वाचन सूक्ष्म असते, परंतु ते एकेका पानाचे असते. १९७० नंतरच्या तेजीत एकोणिसाव्या शतकातले अनेक आल्बम उसवून त्यांची पाने सुटी विकली गेली, कारण सुट्या पानांची बेरीज बांधीव ग्रंथाहून जास्त भरते. रोझालिंड क्राउस यांनी १९८२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की, भूमापनाच्या मोहिमांत घेतलेली चित्रे संग्रहालयाच्या भिंतीवर आली की ती 'भूदृश्ये' होतात आणि त्यांचे आधीचे प्रयोजन अदृश्य होते. भोर घाटाच्या चित्रांना हे अक्षरशः लागू पडते. कमानींचे, कातळ फोडलेल्या उताराचे, बोगद्याच्या तोंडाचे एकेक पान वेगळे केले तर ते रम्य ठरेल. सह्याद्री तसाही कोणाला कुरूप दिसू देत नाही. आल्बमच्या क्रमात मात्र तेच पान कामाच्या हिशेबाचा भाग असते. ठेकेदाराचा आल्बम म्हणजे काम पुरे झाल्याची पावती. पावतीतली एक ओळ कापून काव्य म्हणून छापावी, तसा हा प्रकार.

क्रमापेक्षाही महत्त्वाची गोष्ट या चित्रांच्या तंत्रात दडली आहे. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावण ओतून ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि सुकण्याआधी धुवावी लागे. म्हणजे डोंगरावर काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, जड काचा, पाणी आणि हे सगळे वाहणारी माणसे हवीत. उजेड देण्याचा काळ सेकंदांत मोजला जाई; हलणारी वस्तू धूसर होई किंवा उमटतच नसे. परिणामी, या पद्धतीने घेतलेल्या चित्रात जो मजूर स्पष्ट दिसतो तो काम थांबवून उभा राहिलेला मजूर असतो. घण उचललेला हात तिथे मावत नाही. हजारोंचे श्रम ज्या वस्तूत साठले तिच्या चित्रात श्रमाची क्रिया तेवढी गैरहजर राहते, आणि थांबलेला माणूस कमानीची उंची कळावी म्हणून मापाच्या काठीसारखा उभा असतो. रोलाँ बार्थ यांच्या परिभाषेत सांगायचे तर सूची सगळे 'स्टुडियम' टिपते. आपल्याला टोचणारा 'पंक्टम' हा थांबलेला माणूस आहे. पण बार्थ यांचा पंक्टम वैयक्तिक आहे. इथे टोचते ते तंत्राने घडवलेले मौन आहे, आणि ते कोणालाही टोचायला हवे.

कर्त्याच्या नावाचा प्रश्न इथेच येतो. बाजाराला नाव लागते. 'अज्ञात' या शब्दाने बोली उतरते. ॲलिस ट्रेडवेल हे नाव आकर्षक आहे: विधवा, ठेकेदार, छायाचित्रकार. त्या नावाखाली काच धुणारा, तंबू वाहणारा, झाडी तोडून कॅमेऱ्याला वाट करून देणारा असे अनेक हात गोळा होतात. फूको यांनी 'लेखक' हे संहितांना एकत्र बांधणारे कार्य मानले. लिलावात ते कार्य किमतीच्या आकड्यात मोजता येते, एवढाच फरक.

या संदर्भात घाटासमोरच्या खोऱ्याकडे पाहण्यासारखे आहे. लोहमार्ग चढतो तो उल्हास नदीच्या एका अंगाने. दुसऱ्या अंगाला, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे आहे. तिथल्या प्राचीन बौद्ध लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे: कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. पश्चिम भारतातल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे मुबलक आहेत. घडवणाऱ्याचे म्हणून वाचता येईल असे नाव विरळ. दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात कातळ कोरणारा आपले नाव गुरूच्या नावासह लिहू शकला. समोरच्या डोंगरात कातळ फोडणाऱ्यांची १८६० च्या आसपासची छायाचित्रे आहेत, परंतु आल्बमवर नाव आहे ते ठेकेदारीणबाईंचे. छायाचित्र हे माध्यम जन्मतः लोकशाहीवादी आहे, असे आपण वर्गात सहज सांगतो. ते विधान या खोऱ्यात तरी टिकत नाही.

यावर 'लिलावच नकोत' हे उत्तर उथळ आहे. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी यांनी परदेशी बाजारातून भारताची एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे वर्षानुवर्षे विकत घेतली. आज दिल्लीतला त्यांचा संग्रह अभ्यासकांचा आधार आहे. बाहेर गेलेले बाजारातूनच परत आले. मात्र परत आले ते सूचीच्या भाषेत नोंदवलेले. त्या भाषेला जे विचारता येत नाही ते मराठीतून विचारण्याचे काम उरते, आणि ते भावनेचे नसून पाठचिकित्सेचे काम आहे.

भोर घाटातलाच एक पूल घ्या. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'म्हौ-के-मल्ली' अशासारख्या रूपांनी येते. हे कोणत्या माळाचे, कोणत्या वाडीचे नाव, हे ऐकून ओळखू शकणारा वाचक टेक्सासमध्ये नाही, खालापुरात असू शकतो. तो पूल १९ जुलै १८६७ रोजी कोसळला. म्हणजे मूळ रचनेतला तो पूल उभा दाखवणारी कोणतीही काच त्या तारखेआधीची ठरते. खंडाळ्याजवळचे, गाडीची दिशा उलटवणारे स्थानकही १९२९ मध्ये मार्ग बदलल्यावर सुटले. सूचीतला 'स्थिती' हा रकाना कागदाच्या स्थितीविषयी असतो: कडा किंचित झिजलेल्या, मधे एक डाग. चित्रात जे उभे आहे त्याच्या स्थितीसाठी त्या नोंदीत रकाना नसतो.