हलगीचा रोल आणि झेरॉक्सचा ठोका

गणपतीत जामखेडला घरी गेले होते. विसर्जनाच्या दिवशी डीजेची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि एक 'हलगी मिक्स' सुरू झालं. ड्रॉपच्या आधी बेस काढून घेतला, हलगीचा रोल आला. आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. पोरं हात वर करून थांबली होती. मला मात्र हलगी ऐकूच येईना, शिलाई मशीन ऐकू येत होतं.

असं का व्हावं? ठोका तर खऱ्या हलगीचाच होता, कुणीतरी रेकॉर्ड केलेला. माझं पीएचडीचं काम सेन्सरमधल्या नॉइजवर आहे, संगीतावर नाही. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. आज त्यावरच लिहितेय, कारण यात मी एक चूक केली आणि ती चूक रिसर्चला उतरणाऱ्या प्रत्येकाने एकदा बघून ठेवावी अशी आहे.

आधी हिशेब करू. अशा मिक्सचा वेग समजा १२८ बीपीएम. म्हणजे एक मात्रा साधारण ४६९ मिलिसेकंदांची. तिचे चार भाग केले की दोन ठोक्यांत ११७ मिलिसेकंद, आठ केले की ५९, सोळा केले की २९. शेवटच्या टप्प्यात सेकंदाला ३४ ठोके होतात. इतक्या जवळ आले की कान ते सुटे मोजत नाही, त्यांची एक गुरगुर ऐकू येते.

आता गंमत बघा. कॉम्प्युटरवर रोल बनवताना बहुतेक जण एकच सॅम्पल घेतात आणि पियानो रोलमध्ये ते कॉपी-पेस्ट करत जातात. हुबेहूब तोच आवाज ठरावीक अंतराने परत परत आला, तर त्याच्या स्पेक्ट्रममध्ये ३४, ६८, १०२ हर्ट्झ अशा समान अंतरावर टोकदार रेषा उभ्या राहतात. त्या रेषा म्हणजेच तो मशीनगनसारखा आवाज. खऱ्या वादनात प्रत्येक ठोका मागच्यापेक्षा थोडा वेगळा असतो. मग या रेषा बोथट होतात, मधल्या जागा भरतात आणि रोल सलग, मऊ ऐकू येतो.

हे मला नंतर कळलं. माझा पहिला अंदाज वेगळा होता: मशीन वेळेत फार अचूक असतं, माणूस नसतो, म्हणून मशीन खोटं वाटतं. हा अंदाज माझा एकटीचा नाही. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ह्यूमनाइझ' नावाची सोय असते, तीही याच समजुतीवर उभी आहे. बटण दाबलं की ठोके थोडे मागे-पुढे सरकतात. म्हणजे माणूस म्हणजे काय, तर चूक. थोडी चूक शिंपडा, झाला माणूस.

मी हेच आमच्या गल्लीतल्या हलगी वाजवणाऱ्या काकांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेले. म्हटलं, काका, तुमची वेळ थोडी हलते ना, म्हणून तुमचं जिवंत वाटतं. काकांनी हलगी खाली ठेवली. म्हणाले, "आगं पोरी, ठोका सरकला की नाचणाऱ्याचा पाय अडकतो. वेळ चुकवायला शिकलो व्हय आम्ही?"

मला लाज वाटली. कौतुक करायला गेले आणि माणसाच्या चाळीस वर्षांच्या मेहनतीला चूक म्हणून आले.

मग जरा वाचलं. २०११ मध्ये होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांचा पेपर 'प्लॉस वन'मध्ये आला. माणसाच्या वादनात वेळ थोडी हलते हे खरंच, पण ती फासे टाकल्यासारखी हलत नाही, असं त्यांना दिसलं. आत्ताचा फरक मागच्या फरकांशी, अगदी बऱ्याच मागच्यांशीही, जोडलेला असतो. ऐकणाऱ्यांना दोन्ही प्रकार ऐकवले, तर असा जोडलेला फरक पांढऱ्या नॉइजसारख्या सुट्या फरकापेक्षा जास्त आवडला. बरं, २०१३ मध्ये फ्रुहाउफ, कोपीझ आणि प्लाट्झ यांनी एक साधा ड्रम पॅटर्न काटेकोर वेळेत आणि मुद्दाम सरकवून असा ऐकवला. तिथे काटेकोर पॅटर्न सर्वांत चांगला ठरला.

दोन्ही अभ्यास रोलवर नाहीत, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण माझ्या अंदाजाखालची जमीन सरकली एवढं नक्की.

मग तोच प्रश्न प्रयोगाने विचारला. काकांना एक-एक ठोका सुटा वाजवायला सांगून फोनवर रेकॉर्ड केलं. हलगीला एका हातात जाडसर टिपरू असतं, दुसऱ्यात बारीक काडी. दोन्हींचे हलके, मध्यम, जोराचे ठोके घेतले. त्यातून तीन रोल केले. पहिला: एकच ठोका, वेळ काटेकोर. दुसरा: तोच एक ठोका, वेळ इकडेतिकडे सरकवलेली. तिसरा: वेळ पहिल्याइतकीच काटेकोर, पण टिपरू आणि काडी आलटूनपालटून, आणि प्रत्येक वेळी वेगळं रेकॉर्डिंग. नावं न सांगता काका, माझा भाऊ आणि त्याच्या दोन मित्रांना ऐकवले. चौघांनी तिसरा निवडला. दुसऱ्याला काका म्हणाले, "ह्यो शिकाऊ दिसतोय."

चार जणांचं मत म्हणजे पुरावा नव्हे, आणि तिसऱ्या रोलमध्ये मी दोन गोष्टी एकदम बदलल्या, हात आणि रेकॉर्डिंग. गाईडने हे वाचलं तर पहिला प्रश्न हाच येणार. पण वेळेला हात न लावता रोल सुधारतो, एवढं तरी दिसलं.

म्हणून त्या मिक्सवर माझी टीका ही: त्याची वेळ बरोबर आहे, ठोका गरीब आहे. जोरात मारलं की चामडं फक्त मोठ्याने वाजत नाही, आवाजाची धारही वाढते. मिडीमध्ये ठोक्याच्या जोराला १ ते १२७ आकडे असतात, पण तो आकडा नुसता व्हॉल्यूमला जोडला तर धार तीच राहते. तो फिल्टरलाही जोडावा लागतो, म्हणजे हलका ठोका बोथट आणि जोराचा ठोका धारदार निघतो. दुसरं, नवा ठोका आला की मागच्याची शेपटी कचकन कापली जाते आणि तिथे टिक् वाजतं. काही मिलिसेकंदांचा उतार दिला तर ते जातं. तिसरं, खरा वादक सुरुवातीचा जोर शेवटपर्यंत ओढत नाही. वेग वाढतो तशी हाताची उचल कमी होते, ठोके हलके होतात आणि शेवटच्या ठोक्यासाठी ताकद राखलेली असते. त्या मिक्समध्ये ३४ च्या ३४ ठोके तितक्याच तावात. मग ड्रॉपला चढायला जागा कुठे उरते?

मशीनसारखा रोल वाईटच, असं माझं म्हणणं नाही. रोलंडच्या टीआर-९०९ च्या स्नेअरचा रोल हाऊस आणि टेक्नोमध्ये मशीनचा म्हणूनच आवडतो. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ च्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तिथला ठेका तबल्याचं सोंग घेत नाही, म्हणून खटकत नाही. तक्रार आहे ती नावाबद्दल. गाण्याला 'हलगी मिक्स' म्हणायचं, आत हलगीचा एकच ठोका ठेवायचा आणि वाजवणाऱ्याचे दोन हात बाहेर ठेवायचे. जामखेडसारख्या गावात, जिथे कला केंद्रांमुळे चांगली ढोलकी कानावरून जाते, तिथे हे ऐकणाऱ्याला कळतं. मिरवणुकीत काकांच्या जागी गाडी आलीच आहे. निदान त्या गाडीत त्यांचे दोन्ही हात तरी वाजू देत.

रिसर्चला उतरणाऱ्यांसाठी माझ्या वहीत लिहिलेलं तेवढं सांगते. डेटातला फरक दिसला की लगेच त्याला 'एरर' म्हणू नका. तो कशात आहे, वेळेत, जोरात की आवाजाच्या पोतात, हे आधी वेगळं करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि ज्याच्या कामावर तुम्ही गृहीतक मांडताय, त्याला ते तोंडावर सांगून बघा.

दिवाळीत परत जाणार आहे. चौथा रोल करायचाय: दोन्ही हात, पण प्रत्येकाचं एकच रेकॉर्डिंग. काकांनी अट घातलीय, या वेळी हलगी आधी शेकून घ्यायची. मागच्या वेळी ती जरा उतरली होती म्हणे, आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं.