सिद : सूडाऐवजी न्याय मागणारा वीर

वीरकाव्याचा नायक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो अपमानाचा सूड घेणारा, शत्रूच्या रक्ताने तलवार न्हाऊ घालणारा योद्धा. स्पेनच्या जुन्या वीरकाव्याचा नायक सिद हाही योद्धाच आहे. तो लढाया जिंकतो, शहरे घेतो. परंतु त्याच्या आयुष्यातला सर्वांत दारुण अपमान होतो तेव्हा तो तलवार उपसत नाही. तो राजाकडे न्याय मागतो. ‘कांतार दे मिओ सिद’ या काव्याचे मोठेपण येथेच शोधले पाहिजे, असे मला वाटते.

सुमारे ३,७०० ओळींचे हे काव्य एकाच जुन्या हस्तलिखिताच्या रूपाने वाचले. ती पोथी आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिचे पहिले पान हरवलेले आहे आणि अखेरीस पेर आबात हे नाव व १२०७ या सालाची नोंद आहे. हा पेर आबात कवी की केवळ नकलनवीस, यावर पंडितांचा वाद आहे. आपल्याकडे शाहीर जसा पोवाडा लोकांपुढे गाई, तशी तिकडचे भाट-गायक अशी काव्ये जमलेल्या लोकांना ऐकवीत. या काव्याची भाषाही ऐकणाऱ्यांसाठीच घडलेली आहे : रोखठोक, वेगवान आणि अलंकारांच्या बाबतीत काटकसरी.

काव्याचा नायक कल्पित नव्हे. रोद्रिगो दीआस दे विवार हा अकराव्या शतकातला कास्तील राज्याचा सरदार. राजा सहावा आल्फोन्सो याने त्याला १०८१ साली हद्दपार केले. त्यानंतर काही वर्षे तो सारागोसाच्या मुसलमान राजाच्या पदरी राहिला आणि त्याच्या बाजूने ख्रिस्ती सरदारांशीही लढला. पुढे राजाशी समेट झाला, पुन्हा बिनसले, पुन्हा हद्दपारी आली. १०९४ साली त्याने व्हॅलेन्सिया जिंकून घेतले आणि १०९९ मध्ये मरेपर्यंत तेथे स्वतःची सत्ता चालविली. ‘सिद’ ही पदवीच मुळी अरबी आहे; आपल्या परिचयाचा ‘सय्यद’ हा शब्द तोच.

कवीने या इतिहासातून काय उचलले आणि काय गाळले, हे पाहण्यासारखे आहे. सारागोसाची चाकरी त्याने गाळली. दोन हद्दपाऱ्यांची एक केली. व्हॅलेन्सियाच्या काजीला सिदने १०९५ साली जिवंत जाळले, हेही काव्यात नाही. आणि ज्या प्रसंगाभोवती काव्याचा सारा उत्तरार्ध फिरतो, त्या मुलींच्या पहिल्या विवाहाला इतिहासाचा आधारच सापडत नाही! सिदच्या खऱ्या मुलींपैकी क्रिस्तिना नाव्हारच्या राजवंशात पडली आणि मारिया बार्सेलोनाच्या काउंटला दिली गेली. काव्यात मात्र त्यांची नावे एल्विरा आणि सोल अशी असून त्यांना प्रथम कार्रिओनचे दोन कुलीन, लोभी आणि भित्रे भाऊ पती म्हणून मिळतात.

पिंजऱ्यातून सुटलेला सिंह पाहून एक जावई बाकाखाली दडतो, दुसरा द्राक्षे पिळण्याच्या घाण्यामागे. सिद शांतपणे सिंहाला मानेला धरून पिंजऱ्यात नेतो आणि जावयांची थट्टा करू नका, असे आपल्या माणसांना बजावतो. पण खोट्या कुलाभिमानाला ती क्षमाही सोसत नाही. दोघे भाऊ बायकांना माहेराहून घेऊन निघतात आणि कोर्पेसच्या रानात त्यांना मरेस्तोवर मारून टाकून देतात. चुलतभाऊ फेलेस मुन्योस मागे फिरतो, आपल्या नव्या टोपीतून पाणी आणून त्यांना पाजतो. त्या टोपीच्या साध्या उल्लेखात करुणरसाची सारी सामग्री आहे.

यानंतर टोलेडोची सभा भरते. कोणी ओढू नये म्हणून आपली लांब दाढी दोरीने बांधून सिद सभेत येतो. प्रथम तो एवढेच मागतो, की जावयांना दिलेल्या कोलादा आणि तिसोन या दोन तलवारी परत मिळाव्यात. तेवढ्यावर सुटलो, असे वाटून भाऊ त्या देतात. मग तो दिलेले ३,००० मार्क मागतो. तेही फेडावे लागतात. सर्वांत शेवटी तो अब्रूचा दावा मांडतो. पायरीपायरीने आवळत जाणारा असा युक्तिवाद एखाद्या नामांकित वकिलालाही हेवा वाटावा असा आहे. द्वंद्वे होतात ती राजाच्या आज्ञेने, आणि लढतात ती सिदची माणसे. अपराधी हरतात, पण कोणीही मरत नाही. फ्रेंच ‘रोलांच्या गीता’तही अखेरीस असाच निवाडा आहे, तेथे फितुराला घोड्यांकरवी फाडले जाते आणि त्याच्या तीस नातलगांना फासावर चढविले जाते. दोन काव्यांतले अंतर एवढ्यावरून ध्यानात यावे.

तथापि या न्यायाच्या मर्यादा रसिकाने डोळ्यांआड करू नयेत. हद्दपारीच्या वेळी वाळूने भरलेल्या पेट्या सोन्याच्या म्हणून गहाण ठेवून सिदने राकेल आणि विदास या सावकारांकडून ६०० मार्क घेतले. पुढे ते दाद मागायला येतात तेव्हा त्यांना तोंडी आश्वासन मिळते. ऋण फिटल्याचे काव्यात कोठेही नाही. हे सावकार यहुदी असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्यांच्या फसवणुकीवर श्रोते हसले असतील. लुटीतला घोडान् घोडा मोजणाऱ्या कवीला हा एक हिशेब मात्र आठवत नाही! ज्यांच्या अंगावर वळ उठले त्या मुलीही टोलेडोच्या सभेत नाहीत. त्यांचे दुःख तेथे बापाची अब्रू म्हणून मांडले जाते.

असे असूनही हे काव्य मला थोर वाटते. खऱ्या रोद्रिगोने काजीला जाळले. कवीचा सिद नीच जावयांनाही सभेपुढे उभे करतो. तेथे कार्रिओनच्या उच्च कुळाला राजा पाठीशी घालीत नाही. समाजाला कसला वीर हवासा वाटतो, याची साक्ष कवीने केलेल्या या बदलात आहे. तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्या भाट-गायकाने कुळाच्या तोऱ्यापेक्षा न्यायसभेला मोठे मानले. त्या सभेचे दार सावकारांना आणि लेकींना उघडले नाही, हे खरे. पण ते उघडावयास हवे होते असे आज आपल्याला वाटते, ते त्याच काव्याने हाती दिलेल्या मापाने.