सायोनाराच्या पलीकडे

वर्धेने जपानचा पहिला आवाज ऐकला तो एका चपट्या हातढोलाचा. १९३३ साली निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू गांधीजींच्या भेटीस वर्धेला आले. पुढे ते 'फुजी गुरुजी' म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यांच्या पंथाची प्रार्थना सेवाग्रामच्या प्रार्थनेत सामील झाली, आणि वर्धेचा विश्वशांती स्तूप आजही त्या नात्याची खूण म्हणून उभा आहे. दुसरा आवाज आला तो चित्रपटगृहातून. १९६६ च्या 'लव्ह इन टोकियो'ने 'सायोनारा' हा शब्द घरोघरी पोचवला. शाळकरी मुलींच्या वेण्यांना बांधायच्या दोन मण्यांच्या रबरालाही 'लव्ह इन टोकियो' हेच नाव पडले. गंमत अशी, की जपानचे म्हणून जे गाणे आपल्या ओठांवर बसले त्यातला आवाज लता मंगेशकरांचा होता. जपानी गायिका प्रत्यक्षात कशा गातात, हे आपल्याला ठाऊक नव्हते, आणि जाणून घ्यावे असे फारसे कोणाला वाटलेही नव्हते.

आता तो आवाज आपल्या मुलांच्या खिशातल्या मोबाईलमधून घरात शिरला आहे. मिकी मात्सुबारा या गायिकेचे 'मायोनाका नो दोआ', म्हणजे 'मध्यरात्रीचे दार', हे गाणे १९७९ सालचे. २०२० च्या अखेरीस ते एकाएकी जगभरच्या तरुणांनी उचलून धरले. ज्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, ज्यांना जपानी भाषेचा गंध नाही, ती ते गुणगुणू लागली. मात्सुबारा यांना मात्र हे पाहायला मिळाले नाही. वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, २००४ साली, कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

या घटनेने मनात एक प्रश्न उभा केला. गायिका लोकप्रिय असते तोवर रसिकांचे प्रेम पारखणे कठीण असते. टाळ्यांच्या गजरात सारेच प्रेम खरे वाटते. तिचा आवाज थांबतो तेव्हा मात्र ते प्रेम उघडे पडते. आवाज थांबण्याचेही प्रकार आहेत. कधी मृत्यू तो थांबवतो, कधी गायिका स्वतः थांबते, तर कधी परिस्थिती तिला थांबवते. या तिन्ही वेळी आपण श्रोते कसे वागतो, यावरून तिचा वारसा आपण कितपत समजून घेतला हे कळते.

पहिले उदाहरण हिबारी मिसोरा यांचे. १९३७ साली योकोहामातील एका मासळीविक्रेत्याच्या घरी जन्मलेली ही मुलगी महायुद्धानंतर, शहरे बेचिराख झालेली असताना, आठ-नऊ वर्षांची असल्यापासून मंचावर गाऊ लागली. १९४९ च्या 'कानाशिकी कुचिबुए' या चित्रपटाने आणि त्यातील गाण्याने तिचे नाव देशभर झाले. लहान मुलीने मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या ढंगात गावीत हे काही सुशिक्षितांना रुचले नाही, त्यांनी कठोर टीका केली. पण उपाशीपोटी घर पुन्हा उभारणाऱ्या सामान्य माणसाला त्या आवाजात धीर सापडला. छातीतला भरदार सूर क्षणात पातळ, उंच सुरात नेऊन पुन्हा खाली आणण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. जपानी गायनात सुराला जो बारीक पीळ देतात त्याला 'कोबुशी' म्हणतात. आपल्या मुरकीची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटत नाही.

परंतु या प्रेमाला दुसरी बाजूही होती. १९५७ साली असाकुसाच्या नाट्यगृहात त्यांच्याच वयाच्या एका चाहतीने त्यांच्यावर आम्ल फेकले. ती शत्रू नव्हती, चाहती होती, हे विसरून चालणार नाही. जे आवडते ते आपल्याच मालकीचे असले पाहिजे, ही वृत्ती प्रेमाच्या पोटातच दडलेली असते. हिबारी यांनी त्यावर मात केली. एप्रिल १९८८ मध्ये, दीर्घ आजारातून पुरत्या बऱ्या झालेल्या नसताना, टोकियो डोममध्ये त्यांनी जवळजवळ चाळीस गाणी गायिली. २४ जून १९८९ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी त्या गेल्या. मरणोत्तर मिळालेला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार स्वीकारण्याचा मान स्त्रियांत प्रथम त्यांच्या नावे लागला.

येथे कथा संपायला हवी होती. पण ती संपू दिली गेली नाही. २०१९ साली जपानच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हिबारी यांचा आवाज आणि आकृती नव्याने घडवली आणि त्यांच्याकडून, म्हणजे त्यांच्या प्रतिमेकडून, एक नवे गाणे गाऊन घेतले. वर्षअखेरीच्या सुप्रसिद्ध गायन कार्यक्रमातही ते सादर झाले. गाण्याच्या मध्ये ती प्रतिमा श्रोत्यांशी बोलते, विचारपूस करते. अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्येष्ठ संगीतकार तात्सुरो यामाशिता यांनी मात्र या प्रकाराला विटंबना म्हटले.

मला यामाशिता यांची बाजू पटते. गाण्याची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकणे वेगळे आणि मृत व्यक्तीच्या तोंडी तिने कधीच न उच्चारलेले शब्द घालणे वेगळे. ध्वनिमुद्रिकेत तिचा श्वास आहे, तिची त्या दिवसाची थकावट किंवा उमेद आहे, तिची संमती आहे. घडवलेल्या आवाजात फक्त आपली इच्छा आहे. ज्यांनी अश्रू ढाळले त्यांचे दुःख खोटे नव्हते, हे मान्य. पण दुःख खरे आहे म्हणून त्याची प्रत्येक मागणी रास्त ठरत नाही. आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, त्यांना चिरशांती मागतो. जिला आपण शांती मागतो तिलाच पुन्हा कामाला लावणे हे त्या मागण्याशी विसंगत आहे.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. आईने वाढवलेल्या मोमोए यामागुची १९७३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी गायनक्षेत्रात आल्या. त्यांचा गळा हिबारींसारखा असामान्य नव्हता. पल्ला बेताचा, स्वर खालचा, हरकती जवळजवळ नाहीत. पण योको आकी या कवयित्रीचे शब्द आणि र्यूदो उझाकी यांचे संगीत त्यांना लाभले आणि त्या साध्या आवाजाला धार आली. १९७८ च्या 'प्लेबॅक पार्ट २' मधली स्त्री एकटी गाडी हाकते आणि पुरुषाला उलट उत्तर देते. आर्जव करणाऱ्या, रुसणाऱ्या नायिकांना सरावलेल्या कानांना हा स्वर नवा होता.

आणि कीर्तीच्या शिखरावर असताना, एकविसाव्या वर्षी, त्यांनी गाणे सोडले. ५ ऑक्टोबर १९८० रोजी टोकियोच्या बुदोकान सभागृहात त्यांनी शेवटचे गाणे गायिले. त्याचे नाव 'सायोनाराच्या पलीकडे'. गाणे संपल्यावर हातातला पांढरा मायक्रोफोन मंचावर ठेवून त्या निघून गेल्या. पुढच्याच महिन्यात त्यांचा विवाह झाला आणि त्यानंतर त्या गायिका म्हणून कधीही परतल्या नाहीत. २०१९ साली त्यांचे नाव पुन्हा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आले ते त्यांनी शिवलेल्या गोधड्यांच्या पुस्तकासाठी. चार दशके लोकांनी त्यांची गाणी ऐकली, त्यांच्या परतीची आशाही धरली, पण त्यांचा नकार शेवटपर्यंत नकारच राहिला.

हे उदाहरण आपल्या घरांत सांगायला फार सोयीचे आहे आणि म्हणूनच जपून सांगायला हवे. "पाहा, एवढी मोठी गायिका, पण संसारासाठी सारे सोडले," असे म्हणून ते एखाद्या मुलीच्या तोंडावर फेकता येते. पण यामागुची यांनी निवृत्तीच्याच वर्षी 'अओई तोकी' हे आत्मकथन प्रसिद्ध केले होते. आपले बालपण, आपले वडील, आपले प्रेम आणि आपला निर्णय यांविषयी त्यांनी स्वतः लिहिले. त्यांच्या जाण्याचे मोल त्यांनी गाणे सोडले यात नाही. सोडायचे की नाही हे त्यांनी ठरवले, यात आहे.

तिसऱ्या प्रकारासाठी जपानला जाण्याची गरज नाही. मुंबईत वाढलेल्या, कोकणी भाषेत गाणाऱ्या लॉर्ना कोर्देरो आपल्याच ख्रिस्ती समाजातल्या. ट्रम्पेटवादक आणि संगीतकार ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदात त्या गायिल्या, आणि 'बेबदो', 'पिसो' यांसारखी गाणी गोव्यात, मुंबईत आणि आखाती देशांतल्या गोवेकरांच्या घरांत अजरामर झाली. जॅझचा ठेका आणि कोकणीचा लडिवाळपणा त्यांच्या आवाजात असे एकजीव होतात की कोणते कोठून आले हे सांगता येऊ नये. तो आवाज गोड आहे, पण गोडव्यावर थांबत नाही. प्रसंगी तो खरखरतो, टोचतो, हसतो. आपल्या भावगीतांच्या सोज्वळ स्वरांत ही मोकळीक क्वचितच आढळते.

१९७० च्या दशकात हा आवाज मंचावरून नाहीसा झाला. सुमारे दोन दशके लॉर्ना गायिल्या नाहीत. या काळात त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या लग्नसमारंभांत आणि सणासुदीला वाजतच राहिल्या. म्हणजे आवाज सर्वांचा झाला होता, आणि आवाजाची धनीण मात्र शांत होती. १९९५ साली त्या पुन्हा मंचावर आल्या, तेव्हा लोकांनी त्यांचे अपूर्व स्वागत केले. २०१४ साली बार्द्रॉय बार्रेतो यांनी या दोन कलावंतांच्या जीवनावरून प्रेरणा घेऊन 'नाचुया कुंपासार' हा कोकणी चित्रपट काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नव्या पिढीला ती गाणी नव्याने भेटली. पण पुरस्कार आणि स्वागत यांनी ती दोन दशके भरून निघत नाहीत. त्या वर्षांत जी गाणी गायिली गेली नाहीत, ती कोणत्याही तबकडीवर नाहीत.

या तिन्ही स्त्रियांकडे एकत्र पाहिले म्हणजे आपल्या धर्मग्रामांतल्या एका अगदी साध्या गोष्टीकडे लक्ष जाते. आपल्या गायनमंडळात एखादी मुलगी असते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला तिचा एकटीचा सूर उठला की मागच्या बाकावरची माणसेही मान वर करतात. पुढे तिचे लग्न होते, ती दुसऱ्या गावी जाते. तिथल्या धर्मग्रामात तिला स्वयंपाक येतो का, नोकरी आहे का, माहेर कोठले, हे सारे विचारले जाते. "तू गातेस का?" हे कोणी विचारत नाही. तिने मायक्रोफोन खाली ठेवलेला नसतो; तो तिच्या हातून केव्हा निसटला हे तिलाही कळलेले नसते. तिला निरोपसमारंभ नाही आणि पुनरागमनही नाही. तिच्यासाठी कोणी यंत्र बनवणार नाही आणि ते बरेच आहे. पण तिच्या जिवंतपणी तिचा आवाज मागण्याची तसदीही आपण घेत नाही, हे बरे नाही.

वारसा या शब्दाने आपल्याला तबकड्या, पुरस्कार, पुतळे आठवतात. मला वाटते, गायिकेचा खरा वारसा म्हणजे तिच्यामुळे दुसऱ्या स्त्रीला आपला गळा आपला वाटणे. हिबारींनी तो एका उद्ध्वस्त देशातल्या मुलींना दिला, यामागुचींनी 'नाही' म्हणण्याच्या हक्कासह दिला, आणि लॉर्नांनी उशिरा का होईना परत येण्याच्या धैर्यासह दिला.

'सायोनारा'चा आपण लावतो तो अर्थ 'निरोप'. जाणकार सांगतात, की मुळात तो शब्द अर्धवट वाक्य आहे: "तसे असेल तर..." पुढचे बोलणे ज्याचे त्याने पुरे करायचे. यामागुची यांनी ते स्वतः पुरे केले. आपल्या गायनमंडळातून सासरी गेलेल्या, आणि दुसऱ्या कोणाच्या गायनमंडळातून आपल्याकडे आलेल्या मुलींचे वाक्य अजून अर्धेच आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर त्यांतल्या एकीला एवढेच विचारावे, की तू गात होतीस का. उत्तर तिने द्यावे, आणि ते 'नाही' असले तरी आपण ते ऐकून घ्यावे.