नाताळची गोष्ट आणि गरिबांचा कायदा

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरॉल' ही छोटी कादंबरी आपल्याला बहुधा संक्षिप्त आवृत्तीतून भेटते. एबेनेझर स्क्रूज नावाचा कंजूष म्हातारा, नाताळच्या आदल्या रात्री येणारी भुते आणि सकाळी सुधारलेला स्क्रूज. या आवृत्त्यांत भुते शिल्लक राहतात, पण १८४३ चे लंडन गळून पडते. मग स्क्रूज म्हणजे एक विक्षिप्त माणूस, एवढेच उरते. माझ्या मते तो विक्षिप्त नाहीच. त्याच्या काळातल्या प्रतिष्ठितांचे मत तो फक्त उघड बोलतो.

गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना तो विचारतो, तुरुंग नाहीत का? वर्कहाऊस बंद पडली का? या प्रश्नामागे १८३४ चा कायदा आहे. धडधाकट गरिबाला मदत हवी तर त्याने वर्कहाऊसमध्ये दाखल व्हावे, आणि तिथले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहूनही हलाखीचे असावे, हे त्या कायद्याचे तत्त्व. नवरा-बायको, आई-मुले तिथे वेगवेगळी ठेवली जात. कित्येक जण तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करतील, असे ते गृहस्थ म्हणतात. स्क्रूजचे उत्तर असे, की मग मरावे आणि जादा लोकसंख्या कमी करावी. 'जादा लोकसंख्या' हा विचार माल्थसच्या १७९८ च्या निबंधाने रुजवलेला. पुढे कारकुनाचा पांगळा मुलगा टिनी टिम जगेल का, असे स्क्रूज कळवळून विचारतो, तेव्हा भूत त्याचेच शब्द त्याला परत ऐकवते. आकड्याला अचानक चेहरा मिळतो.

डिकन्सला हे अंगावरून गेलेले होते. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात असताना बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. १८४३ च्या आरंभी बालमजुरांवरचा सरकारी अहवाल वाचून त्याने पुस्तिका लिहायचे ठरवले, पण तो बेत मागे पडला. सप्टेंबरात त्याने फील्ड लेनची, फाटक्या कपड्यांतल्या मुलांची मोफत शाळा पाहिली. १९ डिसेंबरला ही कादंबरी बाहेर आली.

त्या शाळेतली मुले पुस्तकात आहेत. दुसरे भूत आपल्या झग्याखालून दोन भुकेली, भेसूर पोरे दाखवते. मुलगा अज्ञान, मुलगी दैन्य. दोघांपासून सावध राहा, पण मुलापासून अधिक, असे ते बजावते. आमच्या शाळेच्या कपाटातल्या आवृत्तीत हा प्रसंगच नाही! आठवीनंतर दप्तर टाकून कारखान्याची वाट धरणारी मुले ज्या शिक्षकाने पाहिली आहेत, त्याला हे वगळणे खटकणारच.

आणखी एक जागा सहज निसटते. लंडनच्या गरिबांच्या घरी भट्टी नसे. सणाचे जेवण ते बेकरीतून भाजून आणत. रविवारचे पावित्र्य राखण्यासाठी असे व्यवहार बंद करावेत, अशी विधेयके १८३० च्या दशकात संसदेत आली होती. डिकन्सने १८३६ मध्ये त्यांच्याविरुद्ध पुस्तिकाही लिहिली. कादंबरीत स्क्रूज भुताला म्हणतो, हे तर तुमच्याच नावाने चालले आहे. भूत उत्तरते, आमचे नाव घेऊन गर्व आणि द्वेष करणारे आम्हाला परके आहेत, त्यांच्या कृत्यांचा जाब त्यांनाच विचारा. आपल्या वाचकांना या उत्तराचे मोल वेगळे सांगायला नको.

शेवट मात्र मला अपुरा वाटतो. स्क्रूज टर्की पाठवतो, कारकून बॉब क्रॅचिटचा पगार वाढवतो. कायदा जागच्या जागी. बॉबला आठवड्याला पंधरा शिलिंग मिळत आणि या पुस्तकाची किंमत होती पाच शिलिंग, हेही लक्षात घ्यावे. बॉबच्या पदरात पडते ते मालकाचे मन फिरले म्हणून, हक्क म्हणून नव्हे. आपल्याकडे सदका-ए-फित्र ईदच्या नमाजाआधी पोचता करायचा असतो, तिथे देणाऱ्याची लहर चालत नाही. अर्थात फित्रा वेळेवर देऊन कारागिराची मजुरी रखडवणारे आपल्यातही आहेत.

मूळ पुस्तक फार मोठे नाही. इंग्रजी जड वाटले तर निदान तिसरे प्रकरण पुरते वाचावे. बेकरी, टिनी टिम आणि झग्याखालची ती दोन पोरे, सगळे त्यातच आहे.